न फिरणाऱ्या इंजिनातली फिरती पाती : ‘स्कर्ज ऑफ आर्मागॉन’ या विस्तार पॅकचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

टेक्सासमधील इड सॉफ्टवेअर या कंपनीने 22 जून 1996 रोजी ‘क्वेक’ हा गेम प्रसिद्ध केला. भिंती, जमिनी, शत्रू आणि शस्त्रे हे सारे खऱ्या त्रिमितीत उभे करणाऱ्या सुरुवातीच्या फर्स्ट पर्सन शूटर, म्हणजे खेळाडूच्याच नजरेतून दिसणाऱ्या नेमबाजीच्या, गेमपैकी तो एक होता. शत्रूने कसे वागावे, दार कधी उघडावे, बंदुकीने किती इजा करावी, असे गेमचे नियम त्यात इंजिनच्या, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, पोटात लिहिलेले नव्हते. ते क्वेक-सी नावाच्या एका लहान प्रोग्रॅमिंग भाषेत लिहून वेगळ्या फाइलमध्ये ठेवले होते. इंजिनला हात न लावता गेमचे नियम बदलता येतील, अशी ही मांडणी होती. पुढच्या काळात हौशी आणि व्यावसायिक अशा दोन्ही प्रकारच्या निर्मात्यांनी तिचा भरपूर उपयोग केला.

‘क्वेक’चा पहिला अधिकृत विस्तार पॅक, म्हणजे मूळ गेममध्ये भर घालणारा संच, म्हणजे ‘स्कर्ज ऑफ आर्मागॉन’. तो 1997 च्या सुरुवातीला आला. हिप्नॉटिक इंटरॅक्टिव्ह या टेक्सासमधल्याच, 1996 मध्ये स्थापन झालेल्या छोट्या कंपनीने तो बनवला. पुढे याच कंपनीचे नाव रिच्युअल एन्टरटेन्मेंट झाले. तिथले लोक नवखे नव्हते. ‘लेव्हललॉर्ड’ या टोपणनावाने ओळखले जाणारे रिचर्ड ग्रे यांनी ‘ड्यूक न्यूकेम 3डी’ या गेमच्या अनेक लेव्हल, म्हणजे खेळ जिथे घडतो त्या जागा, रचल्या होत्या, तर मार्क डोक्टरमन आणि जिम डोसे यांनी ‘राइज ऑफ द ट्रायड’ या गेमवर काम केले होते.

विस्तार पॅक बनवणाऱ्यांची एक अडचण कायमची असते. मूळ गेम घेतलेल्या माणसाला नवे काहीतरी हवे असते, पण ज्या यंत्रावर ते नवे चालवायचे ते यंत्र दुसऱ्याचे असते. नव्या लेव्हल, नवे शत्रू, नवी शस्त्रे एवढे तर अपेक्षितच असते. हिप्नॉटिकने त्यापलीकडे जाऊन एक गोष्ट करायचे ठरवले, जी ‘क्वेक’ला मुळात येतच नव्हती. ती म्हणजे लेव्हलमधली घन वस्तू फिरवणे. मूळ गेममधली दारे सरकतात, लिफ्ट वरखाली होतात, चिरडणाऱ्या भिंती पुढेमागे जातात. पण बिजागरीवर उघडणारे दार किंवा आसाभोवती फिरणारे पाते तिथे कुठेच नाही. ‘स्कर्ज ऑफ आर्मागॉन’मध्ये ते आहे. ते कसे आणले आणि त्याची काय किंमत मोजावी लागली, एवढाच या अभ्यासाचा विषय आहे. पॅकच्या बाकीच्या गुणदोषांना इथे थोडकीच जागा मिळेल.

इंजिनला नेमके काय येत नव्हते

ही उणीव इडच्या प्रोग्रॅमरांच्या निष्काळजीपणातून आली, असा समज करून घेणे सोपे आहे, पण तो चुकीचा ठरेल. डिसेंबर 1999 मध्ये इडने ‘क्वेक’चा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, खुला केला आणि तेव्हापासून ही गोष्ट कुणालाही तपासून पाहता येते. चित्र काढणारा भाग, म्हणजे रेंडरर, घन वस्तू तिन्ही अक्षांभोवती फिरवून दाखवू शकत होता; त्यासाठीचे फंक्शन तिथे तयार होते. अडत होते ते टक्कर तपासणाऱ्या भागात. फिरलेल्या वस्तूवर आपटण्याचे गणित कोडमध्ये लिहिलेले दिसते, पण ते ‘क्वेक 2’ या पुढच्या गेमसाठी राखून ठेवलेल्या अटींच्या कंसात आहे आणि मूळ गेम तयार होताना तो भाग वगळला जातो. थोडक्यात, इंजिन फिरलेले दार दाखवू शकत होते, पण खेळाडूला त्या दारावर अडवू शकत नव्हते.

यामागचे कारण त्या काळच्या संगणकांच्या ताकदीशी जोडलेले आहे. ‘क्वेक’ची लेव्हल आधी बीएसपी नावाच्या रचनेत बांधली जाते, म्हणजे सपाट प्रतलांनी जागेचे तुकडे करत करत एक झाड तयार केले जाते. गेममधला खेळाडू म्हणजे गेमच्या स्वतःच्या मापात 32 एकके रुंद, 32 एकके लांब आणि 56 एकके उंच अशी एक चौकोनी पेटी असते. दर क्षणी या पेटीची प्रत्येक भिंतीशी टक्कर तपासणे महाग पडले असते. म्हणून एक चतुर युक्ती केली गेली: लेव्हल बांधतानाच सगळ्या भिंती खेळाडूच्या पेटीच्या निम्म्या मापाने पुढे सरकवून एक वेगळे टक्कर-कवच तयार करून ठेवायचे, आणि मग खेळताना खेळाडूला नुसता एक बिंदू समजून त्या कवचात हलवायचे. पेटी आणि भिंत यांच्यातला किचकट प्रश्न त्यामुळे बिंदू आणि प्रतल यांच्यातला सोपा प्रश्न झाला. मोठ्या शत्रूंसाठी 64 एकके रुंदीचे आणखी एक कवच बनते.

आता या तयार कवचात दार फिरवून पाहा. खेळाडूची पेटी कधीच फिरत नाही. तिच्या कडा नेहमी अक्षांना समांतर असतात. म्हणून अक्षाला समांतर असलेली भिंत 16 एककांनी पुढे सरकवावी लागते, तर 45 अंशात तिरपी असलेली भिंत सुमारे 22.6 एककांनी. दार बंद स्थितीत बांधले गेले असेल तर त्याचे कवच 16 एककांच्या हिशोबाने तयार झालेले असते. तेच कवच 45 अंशांनी फिरवले, तर ते 6.6 एककांनी तोकडे पडते आणि खेळाडूच्या पेटीचा कोपरा दारात घुसतो. मोठ्या शत्रूच्या बाबतीत हा फरक दुप्पट, म्हणजे सुमारे 13 एककांचा होतो. आधीच शिजवून ठेवलेले गणित एका कोनासाठी बरोबर असते आणि बाकी सगळ्या कोनांसाठी चूक. इडने फिरणे टाळले, त्यामागे हे व्यवहारी कारण होते असे मला वाटते: वेगाच्या बदल्यात त्यांनी एक क्षमता सोडून दिली होती.

‘ड्यूक न्यूकेम 3डी’वरून आलेल्या माणसांना ही उणीव अधिक जाणवली असणार, कारण त्या गेमच्या बिल्ड इंजिनमध्ये उलट परिस्थिती होती. बिल्डमधली लेव्हल मुळात द्विमितीतला आराखडा असते आणि भिंतींची टक्कर त्यांच्या त्या क्षणीच्या जागेवरून मोजली जाते. त्यामुळे तिथे बिजागरीची दारे आणि गोल फिरणारे भाग सहज करता येतात. ज्याला ‘क्वेक’च्या मानाने जुने म्हणावे अशा इंजिनात जे होत होते, ते नव्या इंजिनात होत नव्हते.

तोडगा : दिसणे आणि अडवणे वेगळे करणे

हिप्नॉटिकने इंजिनमधली ही विषमताच कामाला लावली. रेंडररला फिरवता येते, टक्करीच्या भागाला फक्त सरकवता येते. मग दोघांना वेगवेगळ्या वस्तू द्याव्यात. पॅकच्या क्वेक-सी कोडमध्ये फिरण्याचे काम करणारी एक स्वतंत्र फाइल आहे, आणि तिच्या माथ्यावर जिम डोसे यांचे नाव आहे. तिच्यातली मांडणी अशी:

पहिली वस्तू म्हणजे जे डोळ्यांना दिसते ते पाते किंवा दार. तिला ‘रोटेट ऑब्जेक्ट’ असे नाव आहे. ती खऱ्या अर्थाने फिरते, पण घन नाही. खेळाडू तिच्यातून धुरातून गेल्यासारखा आरपार जाऊ शकतो. दुसरी वस्तू म्हणजे ‘मूव्हवॉल’: अदृश्य, पण घन असलेले ठोकळे. हे ठोकळे स्वतः फिरत नाहीत, त्यांच्या कडा कायम अक्षांना समांतर राहतात. मात्र त्यांची जागा पात्याबरोबर वर्तुळात सरकत राहते. पाळण्याच्या चक्रावरचे पाळणे जसे वर्तुळात जातात पण उलटे होत नाहीत, तशी ही हालचाल असते. इंजिनला सरकवणे उत्तम येत असल्यामुळे ठोकळ्यांची टक्कर बिनचूक होते, आणि ठोकळा अक्षाला समांतरच राहत असल्यामुळे त्याचे कवच कोणत्याही क्षणी बरोबरच असते. तिसरी वस्तू हे सगळे चालवणारी: ती दर 0.02 सेकंदाला नवा कोन काढते, दिसणाऱ्या वस्तूला तो कोन देते, आणि प्रत्येक ठोकळ्याची मूळ जागा त्या कोनातून फिरवून नवी जागा काढते. ठोकळ्याला स्पर्श झाल्यास किंवा ठोकळ्याखाली सापडल्यास किती इजा व्हावी, हेही लेव्हल रचणाऱ्याला ठरवता येते. म्हणून हेच साधन दारासाठीही चालते आणि कापणाऱ्या पात्यासाठीही.

एक अडचण मात्र क्वेक-सीच्या आवाक्याबाहेर होती. ‘क्वेक’मध्ये लेव्हलमधल्या घन वस्तूंचा आरंभबिंदू संपूर्ण लेव्हलच्या आरंभबिंदूवरच असतो. अशी वस्तू फिरवली तर ती आपल्या आसाभोवती न फिरता लेव्हलच्या मध्याभोवती भलामोठा फेरा मारेल. त्यासाठी लेव्हल बांधणाऱ्या साधनात बदल करावा लागला: ‘रोटेट’ या उपसर्गाने नाव सुरू होणारी वस्तू दिसली की लेव्हल रचणाऱ्याने ठेवलेल्या खुणेची जागा तिचा केंद्रबिंदू मानायची. हा बदल लेव्हल तयार करताना होतो, खेळताना नाही, त्यामुळे गेमचे इंजिन तसेच्या तसे राहिले.

या मांडणीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तिचा प्रामाणिकपणा. इंजिनला जे येते तेवढेच त्याच्याकडून करून घेतले आहे, आणि जे येत नाही ते करण्याचा आव आणलेला नाही.

माप किती चुकते

हा तोडगा म्हणजे नक्कल आहे, आणि नकलेत फरक राहतोच. तो किती राहतो हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. उदाहरण माझे आहे, पॅकमधल्या एखाद्या ठरावीक जागेचे नाही. समजा आसापासून बाहेर 128 एकके लांब आणि 8 एकके जाड असे पाते आहे. त्याच्या लांबीवर 16 एकके रुंदीचे चौकोनी ठोकळे बसवायचे आहेत. ठोकळे एकमेकांना चिकटून बसवण्याची गरज नाही, कारण खेळाडू 32 एकके रुंद आहे. इंजिनच्या दृष्टीने खेळाडूची रुंदी ठोकळ्यात मिळवली की प्रत्येक ठोकळा 48 एकके रुंद होतो. म्हणून लगतच्या दोन ठोकळ्यांच्या केंद्रांत 40 एककांचे अंतर ठेवले, तरी पाते कोणत्याही कोनात असताना त्यांच्यामधून खेळाडू निसटू शकत नाही. अशा हिशोबाने 128 एककांच्या पात्याला चार ठोकळे पुरतात.

जाडीच्या बाबतीत मात्र फरक दिसतो. पाते अक्षाला समांतर असताना 16 एककांचा ठोकळा 8 एककांच्या पात्याबाहेर दोन्ही बाजूंना 4 एकके डोकावतो. पाते 45 अंशात आले की ठोकळ्याचा कोपरा पात्याच्या बाजूला येतो. केंद्रापासून कोपऱ्याचे अंतर सुमारे 11.3 एकके असल्यामुळे तो पात्याबाहेर 7.3 एकके येतो. म्हणजे पाते अंगाला लागण्याआधीच, हवेतच, खेळाडू अडतो किंवा जखमी होतो. ही चूक मोठी वाटते, पण तिची तुलना खेळाडूच्या वेगाशी करावी. ‘क्वेक’चा खेळाडू सेकंदाला 320 एकके या वेगाने धावतो, म्हणजे कोनाची एक नवी नोंद होईपर्यंतच्या 0.02 सेकंदात तो 6.4 एकके पुढे गेलेला असतो. ठोकळ्याची कमाल चूक आणि एका नोंदीतले खेळाडूचे अंतर जवळपास सारखे आहे. धावत्या माणसाला, शत्रू समोर असताना, हा फरक कळणे कठीण आहे. उभे राहून, हळूहळू पुढे सरकून पाहिल्यासच तो कळतो.

गोळ्यांच्या बाबतीत नक्कल उघडी पडते. बंदुकांतून सुटणारे खिळे आणि छर्रे यांना लेव्हलच्या दृष्टीने रुंदी नसते. ते बिंदूसारखे जातात. वरच्या उदाहरणात दोन ठोकळ्यांमध्ये 24 एककांची मोकळी जागा राहते, आणि तिथून खिळे पात्यातून आरपार जातात. ज्या पात्याने खेळाडू अडतो त्याने गोळी अडत नाही, ही विसंगती ठोकळे जवळ आणून कमी करता येते. पण प्रत्येक ठोकळा ही इंजिनच्या लेखी एक स्वतंत्र हलती वस्तू असते, आणि त्या काळच्या संगणकावर अशा वस्तू उधळपट्टी करण्याइतक्या स्वस्त नव्हत्या.

आणखी तीन मर्यादा आहेत. पहिली प्रकाशाची. ‘क्वेक’मध्ये भिंतींवरचा उजेड लेव्हल बांधतानाच मोजून पृष्ठभागावर छापलेला असतो. पाते फिरले तरी त्याच्यावरचा उजेड त्याच्याबरोबरच फिरतो. दिव्याकडे पाठ झालेली बाजू उजळलेलीच राहते. दुसरी मर्यादा कोनाच्या अचूकतेची. इंजिन कोन पाठवताना एकच बाइट वापरते, म्हणजे पूर्ण फेऱ्याचे 256 भाग होतात आणि एक पायरी सुमारे 1.4 अंशांची होते. झपाट्याने फिरणाऱ्या पात्यात हे दिसत नाही, पण संथ फिरणाऱ्या मोठ्या वस्तूची हालचाल धक्क्याधक्क्याने होताना दिसते. तिसरी मर्यादा मला सर्वांत महत्त्वाची वाटते: फिरत्या वस्तूवर उभे राहता येत नाही. अचूक सांगायचे तर उभे राहता येते, पण फिरता येत नाही. ठोकळा ज्या दिशेने सरकतो त्या दिशेने तो वरच्या माणसाला घेऊन जातो, मात्र त्याचे तोंड वळवत नाही. आणि आसाच्या मधोमध ठेवलेला ठोकळा तर जागचा हलतच नाही. त्यामुळे गोल फिरणाऱ्या चबुतऱ्यावर शत्रूशी लढण्याचा प्रसंग या साधनाने नीट रचता आला नसता. हिप्नॉटिकने हे साधन मुख्यतः दारे, यंत्रे, सापळे आणि देखाव्यासाठी राखले. साधनाची ताकद जिथे होती तिथेच ते वापरण्याचा हा संयम मला कौतुकास्पद वाटतो.

देखाव्याचा विषय निघाला म्हणून एक लहान गोष्ट नोंदवतो. पॅकच्या कोडमध्ये घड्याळाचा काटा म्हणून एक वेगळी वस्तू आहे. तिचा फेरा किती सेकंदांचा हे सांगायचे असते: 60 दिले की सेकंदकाटा, 3600 दिले की मिनिटकाटा, 43200 दिले की तासकाटा, आणि ठरावीक वेळ होताच एखादी घटना घडवण्याचीही सोय आहे. नेमबाजीच्या गेममध्ये खरी वेळ चालवणारे घड्याळ कुणी मागितले नव्हते. पण फिरवणे जमले आहे म्हटल्यावर कुणाला तरी तो मोह आवरला नाही, आणि तो त्यांनी नेटकेपणाने पुरा केला.

शस्त्रांसाठी जागा कुठून आणायची

इंजिनच्या मर्यादेची दुसरी झळ शस्त्रांना बसली. तिचा तोडगा वेगळ्या जातीचा आहे. खेळाडूकडे काय काय आहे हे ‘क्वेक’ एका आकड्यात साठवतो. त्या आकड्यातला एकेक बिट, म्हणजे 0 किंवा 1 धरणारे एकेक घर, म्हणजे एकेक शस्त्र, चिलखत, किल्ली किंवा शक्ती. क्वेक-सीमध्ये आकड्यांचा एकच प्रकार आहे, 32 बिटांचा दशांश आकडा, आणि त्यात पूर्णांक अचूक धरून ठेवण्यासाठी फक्त 24 बिट मिळतात. मूळ गेमने त्यातले बहुतेक वापरून टाकले होते. हिप्नॉटिकला तीन नवी शस्त्रे आणायची होती: भिंतीला चिकटून जवळ येणाऱ्याची वाट पाहणारे सुरुंग फेकणारी प्रॉक्सिमिटी गन, भिंतीवरून परतणारे किरण सोडणारी लेझर कॅनन आणि जमिनीवर आपटून विजेचे लोळ उठवणारा म्योल्निर हा हातोडा. त्याशिवाय पाण्याखालचा वेटसूट आणि इजा वाटून घेणारे एम्पथी शील्ड यांचीही नोंद ठेवायची होती.

हातोड्याला मूळ रचनेत जादा शस्त्रासाठी राखलेला, पण न वापरलेला 128 किमतीचा बिट मिळाला. वेटसूट आणि शील्ड यांच्यासाठी मात्र दुसरे एक खाते उघडावे लागले: इंजिन त्या दुसऱ्या आकड्याचे बिट 23 घरे डावीकडे सरकवून पहिल्यात मिसळते आणि खेळाडूच्या पडद्यावरील पट्टीकडे पाठवते. इथे इंजिनकडून थोडे सहकार्य लागले, आणि ते मिळाले. इडच्या सोर्स कोडमध्ये या दुसऱ्या खात्याची तपासणी आहे, आणि गेम सुरू करताना ‘हिप्नॉटिक’ हा पर्याय दिला की खालच्या पट्टीवर नव्या शस्त्रांची चित्रे येतात. ‘डिसोल्यूशन ऑफ इटर्निटी’ हा रोग एन्टरटेन्मेंटने 1997 मध्येच बनवलेला दुसरा विस्तार पॅक; त्याच्यासाठीही असाच, पण वेगळा पर्याय आहे. म्हणून इंजिनला अजिबात हात लावला नाही हे विधान फिरण्याच्या बाबतीत खरे आहे, शस्त्रांच्या बाबतीत नाही. हा भेद महत्त्वाचा आहे. पडद्यावरची पट्टी बदलणे हे काही ओळींचे काम होते. टक्करीचे गणित बदलणे म्हणजे गेमचा पाया उकरणे ठरले असते, आणि तसे करायला इडकडे 1996 च्या अखेरीस काही कारण नव्हते, कारण ‘क्वेक 2’मध्ये तो प्रश्न मुळापासून सुटणारच होता.

कळफलकावरही हीच दाटी झाली. मूळ गेममध्ये आठ शस्त्रांना 1 ते 8 या आज्ञा दिलेल्या होत्या, 9 ही सगळी शस्त्रे मिळवण्याची चोरवाट होती आणि 10 पुढचे शस्त्र निवडण्यासाठी होती. म्हणून लेझर कॅननला 225 आणि हातोड्याला 226 असे लांबचे क्रमांक द्यावे लागले, तर प्रॉक्सिमिटी गन ग्रेनेड लाँचरच्याच 6 या कळीवर बसवली. तीच कळ पुन्हा दाबली की शस्त्र बदलते. खेळाडूला यातली ओढाताण जाणवत नाही, आणि जाणवू नये यासाठीच ती केलेली आहे.

शत्रूंबद्दल थोडक्यात सांगायचे तर, जिथे इंजिनची अडचण नव्हती तिथे हिप्नॉटिकने मोकळेपणाने काम केले. ग्रेमलिन हा शत्रू खेळाडूच्या हातातले शस्त्र हिसकावून ते त्याच्यावरच चालवतो, आणि पडलेली प्रेते खाऊन आपली संख्या वाढवतो. हे सारे निव्वळ क्वेक-सीमध्ये लिहिलेले वर्तन आहे. सेन्ट्रॉइड हा विंचवासारखा यांत्रिक शत्रू आणि खेळाडूचा माग काढत येऊन फुटणारा तरंगता काटेरी गोळा हे त्या मानाने साधे आहेत. गेमच्या शेवटी भेटणारा आर्मागॉन हा सेनापती दिसायला भव्य आहे, पण त्याच्याशी होणारी लढाई बाकीच्या पॅकच्या मानाने सपाट वाटते, असे माझे मत आहे.

पुढे काय झाले

‘क्वेक 2’ डिसेंबर 1997 मध्ये आला आणि त्यात फिरणाऱ्या वस्तू इंजिनकडूनच मिळाल्या. तिथे टक्कर तपासण्याची पद्धत बदलली होती: आधी शिजवलेल्या कवचाऐवजी मूळ ठोकळ्यांची प्रतले खेळतानाच पेटीच्या मापाने सरकवली जात होती, त्यामुळे कोणत्याही आकाराची पेटी चालत होती आणि फिरलेली वस्तूही चालत होती. ‘क्वेक’च्या इंजिनवरून तयार केलेल्या इंजिनवर नोव्हेंबर 1998 मध्ये ‘हाफ-लाइफ’ हा गेम आला, त्यातही फिरणारी दारे आणि पंखे आहेत. अशा रीतीने हिप्नॉटिकच्या तोडग्याची गरज वर्षभरातच संपायला हवी होती.

पण ज्यांना मूळ ‘क्वेक’साठीच लेव्हल रचायच्या होत्या, त्यांच्यासाठी ती संपली नाही. हिप्नॉटिकचा क्वेक-सी कोड उपलब्ध झाल्यावर फिरण्याची ती फाइल उचलून स्वतःच्या कामात घालणे कुणालाही शक्य झाले. मूळ गेमसाठी हौशी मंडळींनी पुढे लिहिलेल्या लेव्हल बांधण्याच्या साधनांनी ‘रोटेट’ हा उपसर्ग ओळखण्याची सोय आपल्यात सामावून घेतली, आणि ती आजही त्यांत आहे. खुल्या सोर्स कोडवरून तयार झालेली नवी इंजिनेही तोच ‘हिप्नॉटिक’ पर्याय आणि तेच दुसरे खाते सांभाळतात. पॅकने इंजिन बदलले असते तर हे इतके सोपे झाले नसते: प्रत्येक नव्या इंजिनला तो बदल शोधून, समजून, पुन्हा लिहावा लागला असता. इथे मात्र सगळी करामत लेव्हलच्या फाइलींत आणि क्वेक-सीमध्ये होती, म्हणून इंजिन जिथे गेले तिथे फिरती पातीही गेली.

19 ऑगस्ट 2021 रोजी ‘क्वेक’ची नव्याने सजवलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यासोबत दोन्ही जुने विस्तार पॅक दिले गेले. या आवृत्तीचा क्वेक-सी कोड इडने नंतर खुला केला. त्यात ‘स्कर्ज ऑफ आर्मागॉन’साठी वेगळा कप्पा आहे, आणि त्या कप्प्यात फिरण्याची तीच फाइल आहे. नव्या पडद्यांवर, नव्या उजेडात पाते फिरताना दिसते, तेव्हाही त्याच्या आत ते अदृश्य ठोकळे, कडा अक्षांना समांतर ठेवून, वर्तुळात सरकत असतात.